अक्काच्या लग्नातलं माझं सावधान

आमच्या औशाच्या घरात गाणं सोडून सगळं वाजायचं. घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पाठीमागं, आप्पांची अडत मोंढ्यात, त्यामुळं आमचा दिवस उजाडायचा तो मापाड्याच्या आवाजानं. धान्य मोजताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हा तिथला रिवाज. 'लाभ... लाभ... दोन... दोन... तीन...' असा तो सुरात ओढत मोजायचा आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्याबरोबर मोजायचो. शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजींनी आकडे म्हणायला उभं केलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत 'लाभ, दोन, तीन' म्हणालो आणि सबंध वर्गासमोर कान पिळवून घेतला. माझी कलाक्षेत्रातली वाटचाल तिथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. मोंढ्याच्या आवाजाच्या मागोमाग स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, मग येसराचा मसाला घातलेल्या आमटीला फोडणी बसायची, तिचा चर्र आवाज आणि पाठोपाठ सगळ्या घराला ठसका. आप्पा खोकत खोकत म्हणायचे, "अगं, माणसं मारायलीस का काय?" आणि आई आतून म्हणायची, "खाताना कसं गोड लागतंय मग?" हे संभाषण रोज जसंच्या तसं व्हायचं, त्यात एका शब्दाचा फरक नाही.

हे सगळे आवाज मी आता या वयात माझ्या नव्या अल्बममध्ये घातले आहेत. अल्बमचं नाव 'मोंढ्याच्या मागं'. नोकरीतून निवृत्त झाल्यावर नांदेडच्या घरातल्या कपाटात गोधड्या कोंबून मी त्याचं स्टुडिओत रूपांतर केलं आणि आत बसून बालपण रेकॉर्ड करायला लागलो. मापाडी शोधत औशाला गेलो, तर तिथं आता इलेक्ट्रॉनिक काटे, ते फक्त टिक टिक करतात. म्हणून कपाटात बसून 'लाभ, लाभ' मीच म्हणालो. बायकोला म्हटलं भाकरी थाप, माईक धरतो, तर ती म्हणाली, "आधी खायचं कबूल करा, मग थापते. नुसत्या आवाजासाठी मी पीठ मळणार न्हाई." शेवटी तीही मीच थापली. भाकरी फाटली, पण आवाज चांगला आला. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नात तेजू शिकायला आमच्याकडं राहते, ती हे सगळं इंटरनेटवर चढवते. तिनंच मला सांगितलं, "आजोबा, तुम्ही इंडी आर्टिस्ट आहात." मी म्हटलं, इंडी तर कर्नाटकातलं गाव, आप्पा तिथं लिंबं आणायला जायचे. ती म्हणाली, "तसं नाही हो. इंडी म्हणजे ज्याला कुठलीच कंपनी घेत नाही आणि तरी जो थांबत नाही तो." मग मात्र माझी खात्री पटली की मी लहानपणापासूनच इंडी आहे. तो लहानपणीचाच प्रकार इथं सांगायचा आहे.

अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. आप्पांना गाण्याचं वावडं होतं असं नाही. त्यांच्या मते गाणं देवळात शोभतं आणि लग्नात शोभतं, फक्त दोन्हीकडं ते दुसऱ्यांच्या पोरांनी म्हणावं. त्यामुळं मला सगळ्या जगात एकच श्रोता होता, आणि तो म्हणजे अक्का. ती ओसरीवर तूर निवडत बसायची, मी खांबाला टेकून गायचो. ती कधी 'वा' म्हणाली नाही. सगळं ऐकून घ्यायची, सुपातला खडा उचलून अंगणात भिरकवायची आणि म्हणायची, "चांगलं हाय. पण लई लांबवतूस." मी प्रत्येक ओळीचा शेवट ताणायचो हे खरं होतं. मला वाटायचं, गाणं म्हणजे शेवटचं अक्षर किती वेळ धरून ठेवता येतं त्याची स्पर्धा. हा गैरसमज माझ्या डोक्यात भरवला तो आमच्या स्वामींनी. आमच्याकडं लग्नं जंगमस्वामी लावतात. आमचे स्वामी अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नसावी. मंगलाष्टकांची बाकीची कडवी ते सरळ म्हणत, आणि शेवटच्या कडव्याला आवाज एकदम चढवून 'सावधाऽऽऽन' असं लांबवत की मांडवातली लेकरं रडायची थांबत. त्या चढलेल्या 'सावधान'वरच सगळं लग्न टांगलेलं असे. बँडवाले मांडवाबाहेर झाडाखाली बसलेले, त्यांना आतलं काही दिसत नसे. कर्ण्यातून ते लांबलेलं 'सावधान' आलं, की बडवायचं, हा संकेत साऱ्या पंचक्रोशीत पक्का होता. बँड वाजला की अंतरपाट खाली, हार गळ्यात, अक्षतांचा पाऊस, बाहेर फटाक्यांची माळ, आणि तिकडं आचारी पंगतीवर वरण घेऊन निघालाच. मधे कोणी कोणाला विचारत नसे. ते 'सावधान' मी अडतीच्या कोठीत, पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून रोज घोटत होतो.

अक्काला पाहायला देगलूरहून स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. तो आला, चहा प्याला, चिवडा खाल्ला, तासभर बसला आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. जे काही बोलायचं ते त्याचे वडील बोलले, आणि उरलेलं सगळं त्याचे मामा बोलले. पाहुणे गेल्यावर अक्कानं आमटीत दोनदा मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी तूर निवडता निवडता मला हळूच विचारते, "त्यांचा आवाज कसा हाय रं? मला तर ऐकूच आला न्हाई." मी म्हटलं, मलाही नाही आला, मुका असेल. तर तिनं सूप बाजूला ठेवून मला धपाटा घातला. एवढं झाल्यावर माझ्यासारख्या मठ्ठालाही कळलं, की अक्काला मास्तर आवडलेत.

अडचण होती ती मामांची. आमच्याकडं, आणि देगलूरच्या बाजूला तर जास्तच, भाच्यावर पहिला हक्क मामाच्या पोरीचा. मामांची स्वतःची मुलगी लग्नाची होती आणि हा भाचा त्यांनी मनातल्या मनात केव्हाच जावई करून टाकला होता. मास्तरांच्या आईनं मात्र, म्हणजे मामांच्या सख्ख्या बहिणीनं, औशाची पोरगी पसंत केली. मामा तोंडानं हसत 'चांगलं झालं' म्हणाले. पण हा माणूस लग्नात घोडं अडवणार, हे आप्पांनी ओळखलं होतं. ते आईला म्हणाले, "मानापानात तीळभर कमी पडू देऊ नका. त्यो निमित्तच शोधायलाय." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि तू. लग्नात तोंड उघडायचं न्हाई. तुझा आवाज फुटायलाय, ऐकून बैल दावं तोडतील. तू पंगतीला पाणी वाढायचं." मी मंगलाष्टक रचून तयार ठेवलं होतं, स्वतःचं, अगदी वृत्तात बसवून. ते तसंच गिळलं.

लग्नाच्या दिवशी मामांना निमित्त सापडलं. वऱ्हाडाला उतरायला जानोसा शाळेत दिला होता. तिथं वऱ्हाडाला चहा गेला, आणि मामांच्या कपाखाली बशी नव्हती. झालं! मामा बशीतूनच चहा पीत. "आमाला काय मजूर समजलात का? कपानं चहा प्यायचा?" असं म्हणून ते जे भिंतीकडं तोंड करून बसले ते बसलेच. नवरदेव मारुतीला जाऊन आला, बोहल्यावर चढला, अक्का मांडवात आली, अंतरपाट धरला गेला, मुहूर्त जवळ आला, तरी मामांचा पत्ता नाही. नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय शेवटचं कडवं कसं म्हणायचं? आप्पा डोक्याचा पटका काढून हातात घेऊन जानोशाकडं धावले. मांडवात कुजबुज सुरू झाली. 'मुहूर्त टळला तर सोयरीक मोडली म्हणा,' असं मामांनी जानोशात उघड बोलून दाखवलंय, हे बायकांमधून फिरत फिरत अंतरपाटापर्यंत पोचलं. मी पाण्याची घागर घेऊन जवळच उभा होतो. अंतरपाटाच्या अलीकडं अक्काची मान खाली होती आणि हातातल्या हाराचा गोंडा ती बोटांनी पिळत होती. त्या हाराकडं बघून मला भडभडून आलं, हे आज सांगायला मला कसलीच लाज नाही.

स्वामी मात्र बारा गावचं पाणी प्यालेले. आप्पा येईपर्यंत माणसं जागची हलू नयेत म्हणून त्यांनी माईक पाव्हण्यांकडं दिला. कुणाला येतंय का अष्टक? अक्काच्या मैत्रिणीनं एक म्हटलं. लातूरच्या मावशीनं दोन म्हटली, त्यातलं दुसरं पहिलंच होतं. एका रिटायर्ड तलाठ्यानं मधेच विसरून नमस्कार केला. प्रत्येक कडव्याला चार अक्षता पडत होत्या, लोक घड्याळं बघत होते. मग गाणारेच संपले. स्वामींनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर घागरीवर, म्हणजे माझ्यावर आली. "आप्पाचं पोरगं ना तू? येतंय का कायतरी?" कायतरी! मी घागर तिथंच एका म्हाताऱ्याच्या पायावर ठेवली. स्वामी माईक देताना कानात म्हणाले, "लांबव जरा. न्हाईतरी आपल्याला वेळच काढायचाय." हे वाक्य मला कुणीतरी म्हणावं म्हणूनच मी जन्माला आलो होतो.

मी डोळे मिटले आणि सुरू केलं:

मोंढ्याची चिमणी उडून दुसऱ्या गावास ती चालली,
आप्पांची अडतीत मान लवली, पोती रडू लागली...

बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं रडायल्यात. पुढं आईवर दोन ओळी होत्या, येसराच्या आमटीवर अर्धी होती, आवाज मधेच घोगरा आणि मधेच बारीक होत होता, आणि मी स्वर्गात होतो. शेवट आला. आता इथं कुणीही शहाण्या माणसानं साधं 'सावधान' म्हणून माईक परत दिला असता. पण कोठीत पोत्यांवर उभं राहून इतके महिने जे घोटलं होतं, ते दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं म्हणता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी 'शुभमंगल' म्हणालो, छाती भरून घेतली, आवाज चढवला, आणि काय सांगू, त्या एका क्षणाला तो फुटला नाही. थेट स्वामींच्या आवाजासारखा खणखणीत निघाला. 'सावधाऽऽऽऽन!'

बाहेर बँड कडाडला. अंतरपाट धरणारे दोघंजण हात अवघडून उभे होते, त्यांनी तो सुटकेच्या आनंदानं सोडला. कुंकवात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता मुठी भरभरून उडाल्या. अक्कानं वर पाहिलं, मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांना हार घातले. फटाक्यांची माळ लागली, म्हातारे टोप्या सावरत पंगतीकडं निघाले, आचाऱ्यानं वरणाची बादली उचलली. स्वामी आपलं शेवटचं कडवं म्हणायला तोंड उघडून उभे होते, ते तसेच राहिले. थोड्या वेळानं त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आरं मुडद्या, लग्न लावलंस की तू!"

एवढ्यात आप्पा आले, आणि त्यांच्या मागं मामा. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं हे एकमेव. मामांनी फाटकातूनच आवाज चढवला. "माझ्याबिगर अक्षता पडल्या? मुहूर्त झाला न्हाई, शेवटचं कडवं झालं न्हाई, मामा पाठीशी न्हाई. हे लग्न लागलंच न्हाई! काढा ते हार. आमी निघालो देगलूरला!" बँड थांबला. मास्तरांचे वडील एकदा मेव्हण्याकडं आणि एकदा आप्पांकडं बघायला लागले. आप्पांनी पटका घेतलेले हात तसेच मामांपुढं जोडले. आप्पांना असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अक्काचा संसार मी सुरू व्हायच्या आधीच मोडला, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

मग अक्का बोलली. भर मांडवात नवरीनं बोलण्याची आमच्याकडं पद्धत नव्हती. तिनं गळ्यातला हार मुठीत धरला आणि म्हणाली, "मी काढणार न्हाई. एकदा घातला ना, घातला. मी काय हार घालायची तालीम करायले का?" आणि तिच्या पाठोपाठ, आजवर ज्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता ते मास्तर म्हणाले, "हाव. लागलं की लग्न." आवाज बारीक होता, थोडा नाकातला. अक्का एवढ्या सगळ्या गोंधळात खुदकन हसली. तेवढ्यात पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "आमची बुंदी खाऊन झाली की हो! जेवल्यावर कुठं लग्न मोडतंय व्हय?" मास्तरांच्या आईनं पुढं होऊन भावाचा हात धरला. "दादा, चला. वरण गार व्हायलंय." आप्पांनी स्वतःच्या हातानं चहा आणला, कपाखाली बशी होती. मामांनी कप उचलून खालची बशी नीट तपासून घेतली. मग बसले आणि फुर्रर्र करून प्याले.

मला कुणी मारलं नाही. आप्पा संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तुला पाणी वाढायला सांगितलं हुतं." पण त्या दिवशी गावानं माझं बारसं केलं. 'ए सावधान, इकडं ये.' 'सावधान, शेंगा घेतोस का?' औशात अजूनही दोनचार म्हातारे मला याच नावानं ओळखतात. मला मात्र लाजेपेक्षा वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सगळे लग्नाबद्दल बोलले, पण आवाज कसा लागला याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढं एकाही लग्नात मला माईक मिळाला नाही. मी उभा राहिलो तरी माणसं माईक दुसरीकडं सरकवत. म्हणून अखेर म्हातारपणी स्वतःचा विकत घ्यावा लागला. अक्कानं तर तो विषयच कधी काढला नाही. दिवाळीला आली, बाळंतपणाला आली, पुढं आप्पांच्या आणि आईच्या मागं तिनंच माझं लग्न जमवलं, पण तिच्या लग्नाची गोष्ट निघाली की ती उठून आत जाई. मी मनात धरून बसलो होतो, की तिचं लग्न मी हशावारी नेलं आणि ते तिला अजून टोचतं.

अल्बम निघाला तेव्हा तेजूच्या हट्टानं नांदेडला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. श्रोते तीसेक असतील, त्यात बायकोच्या भिशीच्या बायका निम्म्या. देगलूरहून अक्का आणि दाजी दुपारच्या एसटीनं आले आणि पहिल्या रांगेत बसले. दाजींना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं ते माझे आदर्श श्रोते आहेत. मी 'लाभ, दोन, तीन' गायलो, भाकरीचं गाणं गायलो. शेवटून दुसरं गाणं ते जुनं मंगलाष्टक होतं, गिटारवर, अगदी संथ केलेलं. सर्वांत शेवटी औशाच्या किल्ल्यावर मी केलेली दीर्घ रचना होती, तिच्यासाठीच खरं तर सगळा अल्बम. मंगलाष्टक म्हणताना मी अक्काकडं बघायचं टाळलं. पोती रडू लागली, येसराची आमटी आली, आणि शेवटी सवयीनं, म्हणजे खोडीनं, 'सावधाऽऽऽन' लांबलंच.

तोंडावर सपकन काहीतरी आलं. ज्वारी! लाल रंगवलेली ज्वारी. अक्का उभी होती, हातात गाठ सोडलेली दस्ती, म्हणजे रुमाल, आणि दुसरी मूठ भरून घेत होती. दाजींनी ती उभी राहिली म्हणून उभं राहून टाळ्या सुरू केल्या, त्यांच्या मागं भिशीच्या बायका उठल्या, मग सगळा हॉल उठला. साऊंडवाला पोरगा ओरडत होता, "आजी, मिक्सरमधी दाणे जायलेत!" कुणी ऐकलं नाही. कार्यक्रम संपला असं समजून लोक टाळ्या वाजवत मागच्या दाराशी ठेवलेल्या चहा-उपम्याकडं निघालेसुद्धा. मी माईकवरून ओरडत होतो, "थांबा, बसा, अजून एक गाणं राहिलंय!" कोण थांबतंय?

अक्का स्टेजच्या काठाशी आली, माझ्या केसांतले दाणे झटकले, आणि दाजींकडं एकदा बघून हळूच म्हणाली, "राहू दे रं एखादं. मामा यायच्या आत उरकलेलं बरं असतंय."